हिच्या चौकटीतले साल

२ मार्च, सकाळी ९

आजपासून घराण्याच्या वंशावळीचे काम शिस्तीने हाती घेत आहे. आजवर ते फावल्या वेळात चालले होते. फावल्या वेळात माणसाने शब्दकोडी सोडवावीत. वंश शोधू नये.

मे महिन्याच्या सोळा तारखेस धाकटा चुलतभाऊ आपल्या नव्या बंगल्यात साऱ्या कुटुंबाचे संमेलन भरवीत आहे. त्याला घरात सगळे कंत्राटदार म्हणतात, आणि तो आहेही. त्या दिवशी त्याच्या दिवाणखान्यात सात पिढ्यांचा तक्ता मी स्वहस्ते लावणार. आठ फूट लांब, मागे कापडाचे अस्तर, काळी शाई. घराण्यात यापूर्वी असे कोणी केलेले नाही. केले असते तर मला ठाऊक असते.

नियम विमा कंपनीतलेच. मृत्यूचे दावे तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. कोणताही मृत्यू दोन पुराव्यांवाचून मान्य करावयाचा नाही: एक सरकारी दाखला, दुसरा त्या वेळी प्रत्यक्ष हजर असलेल्या व्यक्तीचा जबाब. सिद्ध झाले ते शाईने, न झाले ते पेन्सिलने. पेन्सिल ही कच्च्या माणसाची सोय आहे. माझ्या तक्त्यावर ती दिसणार नाही.

(जुन्या पिढ्यांपुरती घरातील ऐकीव माहिती हा जबाब समजावा. व्यवहार पाहावा लागतो.)

वेळापत्रक फ्रिजवर लावले. सकाळ वंशावळीस, दुपारी एक तास घरास, संध्याकाळ पुन्हा वंशावळीस. घराला तासापेक्षा अधिक काय लागते, हे मला कधीच समजलेले नाही.

दुपारी: धाकट्या काकांच्या मुलीचे लग्न कोणत्या साली झाले, ते हिला विचारून घ्यावे.

वरील ओळ रद्द.

५ मार्च

दूध उतू गेले. कारण पातेले लहान होते. उद्या मोठे घेणे.

६ मार्च

मोठ्या पातेल्यातूनही गेले. म्हणजे कारण आच. प्रश्न निव्वळ निरीक्षणाचा आहे आणि निरीक्षण हा माझा पेशा होता. परंतु नेमक्या त्या क्षणी तिसऱ्या पिढीतील दोन सख्ख्या भावांच्या जन्मतारखांमध्ये चार महिन्यांचे अंतर असल्याचे लक्षात आले. अशा वेळी कोण दुधाकडे पाहील?

९ मार्च

फोन करून तारखा गोळा करण्याचा दिवस. घराण्याविषयी आस्था कोणाला नाही. एका पुतण्याने, काका, माझी बर्थडेट फेसबुकवर आहे, असे सांगून फोन ठेवला. एका चुलतबहिणीस जन्मसाल विचारले, तर तिने उलट मला माझ्या ब्लड प्रेशरविषयी विचारले. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नमुना तक्ता पाठविला होता, त्यावर अंगठे आले. सतरा अंगठे आणि एकही तारीख नाही.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. ही हिची धाकटी बहीण. हिच्याहून बोलण्यात चौपट आणि ऐकण्यात निम्मी. तिला मी पहिल्या चार पिढ्या वाचून दाखविल्या. भावोजी, तुमच्या झाडाला बाईच लागत नाही का, असे तिने विचारले. सगळे पुरुष आपले पुरुषांनाच झाले? मी सांगितले की जुन्या पिढ्यांतील पत्नींची नावे उपलब्ध नाहीत. तेथे 'पत्नी, नाव अज्ञात' अशी नोंद केली आहे. त्यावर ती म्हणाली, बरं झालं, आमची ताई तुमच्याच काळात आली ते. नाहीतर तिचंही अज्ञातच झालं असतं. आणि मग, लिहिलंत ना हो तिचं सगळं?

नाव, जन्म, विवाह शाईने झाले आहे, असे उत्तर दिले. ते खरे आहे.

जेवलात का, असे तिने तीनदा विचारले. तीनदा होय म्हणालो. ते तितकेसे खरे नाही.

१५ मार्च, रविवार

लेक, जावई आणि नात जेवायला आली. डायनिंग टेबलावर तक्ता पसरलेला असल्याने उभ्याने जेवली. मी सुचविले होते की पुढील आठवड्यात यावे. लेक म्हणाली, बाबा, पुढच्या आठवड्यात टेबल रिकामं होणार आहे का? नाही म्हणालो. मग, ती म्हणाली.

ताटात काय होते ते नोंदविण्याजोगे नाही. जावई सभ्य गृहस्थ आहे. त्याने भात पुन्हा मागितला.

जेवण झाल्यावर लेकीने तक्ता पाहिला. वरून खाली, सावकाश. शेवटून तिसऱ्या ओळीत थांबली. हिच्या चौकटीत जन्माचे साल आहे, त्यापुढे आडवी रेघ आहे आणि रेघेपुढे काही नाही. बाबा, हे राहिलंय, असे म्हणाली.

मी खुलासा केला. राहिलेले नाही. प्रलंबित आहे. गेल्या सप्टेंबरातील घटनेसंबंधी दुसरा पुरावा उपलब्ध नाही.

ती म्हणाली, दाखला कपाटात आहे. मी स्वतः आणलाय, रांगेत उभी राहून.

मी म्हणालो, तो पहिला.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. ती भांडी घासलेली होती, हे मी निदर्शनास आणून दिले. तिने ती पुन्हा घासली.

२९ मार्च

लेकीचा प्रस्ताव: संमेलनाला जायचेच आहे, तर तीन दिवस आधी निघू, वाटेत समुद्रावर दोन दिवस राहू. मोकळी हवा लागेल. मला घरात हवा पुरेशी आहे, असे सांगणार होतो. तेवढ्यात नकाशा पाहिला. समुद्राच्या रस्त्याला एक फाटा आहे आणि त्या फाट्यावर जुन्या नोंदींच्या कचेरीचे गाव आहे. तेथेच आमच्या मूळ पुरुषाची नोंद असणार. घरात सांगत आले आहेत की तो उंचापुरा, करारी, एकट्याने येऊन घराणे उभे करणारा होता. माझे नाक त्याच्यावर गेले असावे.

एका दगडात दोन पक्षी. होकार कळविला. लेकीचा आवाज फोनवर इतका आनंदी झाला की फाट्याचा उल्लेख पुढे ढकलला.

११ एप्रिल

वॉशिंग मशीनमधून सर्व पांढरे सदरे गुलाबी निघाले. चौकशीअंती हिची लाल शाल चादरीच्या घडीतून आत गेल्याचे आढळले. शाल उशीखाली होती. ती उशीखाली का होती, हा प्रश्न प्रस्तुत चौकशीच्या कक्षेबाहेर आहे.

संकल्प: यापुढे कपडे रंगवार वेगळे करणे.

संकल्प दुसरा: तोवर गुलाबी सदरा जाकिटाखाली घालणे.

१२ एप्रिल

शालीला साबणाचा वास येतो आहे. फक्त साबणाचा.

काम झाले नाही.

२० एप्रिल

पुन्हा वेग घेतला. पाच पिढ्या शाईने पूर्ण. मूळ पुरुषाचे नाव सर्वांत वर, दुप्पट जाडीच्या निबने, संपूर्ण शाईत. कचेरीतील पुरावा औपचारिक आहे. तो मिळणारच, तर थांबायचे कशाला?

वेळापत्रकातील 'घर' हा एक तास तूर्त वंशावळीकडे वळविला आहे. मे अखेर परत करीन.

घाईत गॅस बंद करायचा राहिला. पातेले गेले. दूध आधीच गेले होते.

३ मे

नात दिवसभर माझ्याकडे होती. लेकीला काम होते. मलाही होते, पण ते कोणी विचारात घेत नाही. तिला तक्त्यावर तिची चौकट दाखविली. तळाला, उजवीकडे. ती खूष झाली. आजोबा, आणि माझी मनी? मी समजावून सांगितले की वंशावळीत मांजरे येत नाहीत. ते रक्ताच्या नात्यांचे शास्त्र आहे. तिने ऐकून घेतले. मी चहा करावयास गेलो.

परत येतो तो तिच्या चौकटीशेजारी मांजर. मिशा, शेपूट, चारही पाय. काळ्या शाईने. पाचवा पायही असावा, पण ती शेपूट आहे असे ती म्हणते.

शाई खोडता येत नाही. ब्लेडने खरवडून पाहिले, अस्तर दिसू लागले. थांबलो. घराण्याच्या तक्त्यावर आता पुराव्यावाचून शाईने आलेली एक नोंद आहे. नातीस रागे भरावे असे ठरविले होते. ती मनीला साल काय लिहायचं, असे विचारत होती. राहून गेले.

१३ मे, प्रवास

सकाळी सहाला निघण्याचे ठरले होते. मी पाचपासून तयार होतो. लेक आठला आली.

तक्त्याची गुंडाळी लांब असल्याने ती डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत, सर्वांच्या मधून न्यावी लागली. गिअर टाकताना जावयाचे कोपर तिला लागत होते. मी प्रत्येक वेळी सूचना दिली. दुसऱ्या तासाला त्याने गाणी मोठ्याने लावली. नातीला गाडी लागली. गुंडाळीला काही झाले नाही, कारण मी ती वेळीच उचलली. लेक म्हणाली, बाबा, पोरीला धरायचं सोडून तुम्ही कागद उचललात? वस्तुतः मी दोन्हीकडे हात केला होता. गुंडाळी जवळ होती.

फाटा दिसताच विषय काढला. जावयाने गाणी बंद केली. फक्त अर्धा तास, असे मी सांगितले.

१४ मे, संध्याकाळी

अर्धा तास म्हणून गेलो होतो. काल कारकून जेवायला गेलेला होता, मग किल्ली घेऊन गेलेला दुसरा कारकून जेवायला गेला. मुक्काम करावा लागला. लॉजच्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता; दिसायचे कारणही नव्हते, तो बराच दूर आहे. नातीने विचारले, आजोबांचा समुद्र कुठाय?

आज दुपारी नोंद सापडली. मूळ पुरुषच. तेच नाव, तेच वडिलांचे नाव, तेच जन्मसाल. पुढे मृत्यू: वय वर्षे सहा.

जावई शेजारी उभा होता. तो सहसा बोलत नाही. बाबा, तो म्हणाला, सहाव्या वर्षी गेलेल्याला चार मुलं कशी झाली?

मी त्याला शांतपणे नियम सांगितला. हा एकच पुरावा आहे. कोणा हजर व्यक्तीचा जबाब नाही. एवढ्यावर कोणताही मृत्यू मान्य होत नाही. मूळ पुरुष शाईतच राहील.

जावयाने माझ्याकडे पाहिले. मग, चला, समुद्रावर जाऊ, इतकेच म्हणाला आणि गुंडाळी स्वतः उचलून गाडीत ठेवली. काळजीपूर्वक. हा माणूस मला कधीच नीट कळला नाही.

१५ मे

समुद्रावर दोन दिवसांऐवजी एक संध्याकाळ. त्याचा दोष माझ्याकडे देण्यात आला.

मी गाडीत थांबलो. खारी हवा अस्तराच्या कापडास घातक असते. काचा वर केल्या. आत पुष्कळ उकडत होते. लांबून तिघे दिसत होती, पायजमे गुडघ्यापर्यंत वर केलेली.

थोड्या वेळाने लेक आली. ओले पाय घेऊन मागच्या सीटवर बसली. मी तिला वर्तमानपत्र दिले, खाली घालायला. आईला यायचं होतं इथं, असे म्हणाली. मी म्हणालो, कल्पना आहे. आई असती तर तुम्हाला ओढत नेलं असतं पाण्यात. मी दुरुस्ती केली: ती ओढत नसे. सांगत असे. आणि मी जात असे. सांगितलेले काम मी कधी टाळलेले नाही.

लेक हसली की काय, ते वाऱ्यामुळे नीट कळले नाही. काच तिने उघडली होती.

मग तिने विचारले, बाबा, एवढंच सांगा. दुसरा पुरावा म्हणजे कुणाचा हवाय तुम्हाला? मी रस्त्यात होते. पण तुम्ही तर घरातच होतात.

अस्तर दमट होत असल्याने काच लावून घेतली.

१६ मे

संमेलन. आजचा वृत्तान्त थोडक्यात.

भिंत आठ फुटांची नव्हती. कंत्राटदाराने स्वतः बांधलेली भिंत. त्याने आठ सांगितली होती. दोन्ही टोके कोपऱ्यांतून वळवून लावावी लागली, त्यामुळे मूळ पुरुष एका भिंतीवर आणि मांजर दुसऱ्या भिंतीवर आले.

मी छोटे भाषण तयार केले होते. पहिल्या वाक्यानंतर सगळे तक्त्याकडे धावले, कारण प्रत्येकाला स्वतःची चौकट पाहायची होती. सात पिढ्यांपैकी सहा कोणी पाहिल्या नाहीत. काका, माझा घटस्फोट झालाय हो, ह्याला कशाला ठेवलंत माझ्या मांडीला मांडी लावून, असे एक पुतणी म्हणाली. दादा, मी तुझ्यानंतरच्या चौकटीत का, असे कंत्राटदार म्हणाला; तू धाकटा आहेस, असे सांगितले; मग म्हणाला, पण घर माझं आहे. सर्वांना मांजर आवडले. मांजराचे फोटो काढले गेले.

मग आत्याला खुर्चीसकट आणले. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली. मला अजून बाळ्या म्हणते. दृष्टी शाबूत आहे, बाकीचे येते जाते. भिंग घेऊन ती एकेक चौकट वाचू लागली. हा गेला, ही गेली, हा गेला, बरंच झालं. असे करीत हिच्या चौकटीशी आली. जन्माचे साल वाचले. रेघेपुढे बोट नेले. काही नव्हते. तिचा चेहरा खुलला.

बाळ्या, तुझी बायको कुठाय रे? दिसली नाही आल्यापासून. आली नाही का?

दिवाणखान्यात तीसपस्तीस माणसे होती.  तिला सप्टेंबरात सांगितलेले होते. ती विसरली होती. आता कोणीतरी सांगणे आवश्यक होते आणि ते काम माझे होते. आयुष्यभर मी वारसांना अशी पत्रे धाडली आहेत. मजकूर पाठ आहे.

मी म्हणालो, घरी आहे. दूध बघायला थांबली आहे.

बरं केलं, आत्या म्हणाली. घर कुणीतरी बघायला हवं. तिला म्हणावं, पुढच्या वेळी दूध घेऊन बसायचं नाही. आत्याने बोलावलंय.

सांगतो, म्हणालो.

लेक गॅलरीत निघून गेली. जावई तिच्या मागे गेला. कंत्राटदाराने सरबत आणा रे, असे कोणाला तरी ओरडून सांगितले. सरबत आधीच वाटून झाले होते.

मी खोटा जबाब दिला. तीस माणसांसमोर. असे जबाब पकडण्याचा पगार मी घेत आलो.

१७ मे

परतीचा प्रवास. गुंडाळी कोणाच्या आड येत नव्हती. जावयाने ती टपावर बांधली. मी हरकत घेतली नाही. लेक मागे माझ्याशेजारी बसली आणि वाटभर माझ्या जाकिटाची बाही धरून होती. गुलाबी सदरा दिसत होता. तिने त्याविषयी काही विचारले नाही.

१९ मे, सकाळी

मेहुणीचा फोन. लेकीने तिला सर्व सांगितलेले दिसते. भावोजी, मी तुमची थट्टा करते ते सोडून द्या, पण हे काय चालवलंय, असे म्हणाली. मी कामात असल्याचे सांगितले. कामात राहा, ती म्हणाली, पण आमची ताई जिवंत असती तर घरात तुमचा एवढा पसारा टिकला असता का? ह्याहून काय पुरावा हवा तुम्हाला? मुद्दा वजनदार आहे, पण नियमात बसत नाही.

तक्ता टेबलावर पुन्हा पसरला. प्रलंबित प्रकरण निकाली काढण्यासाठी वस्तुस्थिती लिहून ठेवणे प्राप्त आहे. ती अशी.

त्या सकाळी ही पलंगावर होती. बरी नव्हती, पण बोलत होती. दूध बघा, म्हणाली. मी गेलो. दूध वर येत होते. गॅस बंद केला. एक थेंबही सांडला नाही. ते सांगावे म्हणून खोलीत आलो.

तेव्हा त्या वेळी खोलीत कोणी हजर नव्हते. हजर असलेली व्यक्ती एकच, आणि तिचा जबाब आता घेता येत नाही.

सबब दुसरा पुरावा नाही. मिळण्याची शक्यता नाही.

ज्याला दोन पुरावे नाहीत, ते पेन्सिलने. नियम माझाच. टोक केले. रेघेपुढे साल लिहावयास घेतले. हात जरा हळू चालतो.

मध्येच स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला. दूध. मी उठलो नाही. शेवटचा आकडा व्हायचा होता.

झाला. तक्त्यावर आता मूळ पुरुष शाईने आहे, मांजर शाईने आहे आणि ही पेन्सिलने.

ओटा पुसायचा आहे.